गेनचा हिशेब : हाय-गेन प्रीअँप मॉड्यूल मागणीनुसार घडवून घेताना

इलेक्ट्रिक गिटारची तार थरथरली की पिकअपच्या वेटोळ्यात जो विद्युत संकेत उमटतो, तो साधारणपणे एका व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असतो. तेवढ्यावर स्पीकर हलत नाही. प्रीअँप हा संकेत आधी वाढवतो, त्याचा पोत ठरवतो आणि मग पॉवर अँप त्यात स्पीकर हलवण्याइतकी ताकद भरतो. हार्ड रॉक आणि मेटल संगीतात ऐकू येणारा दाट, गुरगुरणारा, लांबत राहणारा आवाज बहुतांशी प्रीअँपमध्येच तयार होतो. एका टप्प्याने संकेत इतका वाढवायचा की पुढच्या टप्प्यात तो मावू नये आणि लाटेचा माथा कापला जावा, अशी ही युक्ती आहे. या कापणीला डिस्टॉर्शन म्हणतात. ती मुद्दाम, एकामागोमाग एक अशा अनेक टप्प्यांत घडवणारा अँप म्हणजे हाय-गेन अँप.

प्रीअँप मॉड्यूल म्हणजे या अँपचा पुढचा भाग एका सुट्या डबीत बसवलेला. डबीच्या दर्शनी पट्टीवर गेन, बेस, मिडल, ट्रेबल आणि मास्टर अशी बटणे असतात, आत एक छोटे सर्किट बोर्ड आणि सहसा दोन व्हॉल्व्ह असतात, मागे जोडणीची खाच असते. वीजपुरवठा, पॉवर अँप आणि फूटस्विच मूळ चॅसीत असतात. डबी काढून दुसरी सरकवली की अँपचा स्वभाव बदलतो. अशी डबी कारागिराकडून स्वतःच्या पसंतीने घडवून घेण्याची सोय आहे, आणि तिथेच गिटारवादकापुढे एक लांब यादी येते : टाइट स्विच, ब्राइट स्विच, मिड शिफ्ट, डायोड, जादा गेन, वेगळे व्हॉल्व्ह. यातले काय निवडावे याचे उत्तर आवाजाच्या विशेषणांत सापडत नाही. संकेत कोणत्या क्रमाने कुठून जातो हे पाहिले की ते सापडते.

अँप डबीत कसा आला

अँपमध्ये जादा टप्पा घालण्याची कल्पना कॅलिफोर्नियातली. १९७० च्या आसपास रँडल स्मिथ सॅन फ्रान्सिस्को परिसरात फेंडरच्या लहानशा प्रिन्स्टन अँपमध्ये फेरबदल करून त्यातून मोठा आवाज काढत असत. पुढे त्यांनी प्रीअँपमध्ये गेनचा आणखी एक टप्पा वाढवला आणि त्यातून मेसा-बूगीचा मार्क वन घडला. इंग्लंडमध्ये मार्शलने १९७५ साली मास्टर व्हॉल्यूम असलेले २२०३ हे मॉडेल काढले. १९८१ पासून ते जेसीएम८०० या नावाने विकले जाऊ लागले. १९८७ मध्ये माइक सोल्डानो यांचा एसएलओ-१०० आला, १९९२ मध्ये पीव्हीचा ५१५० आला आणि त्याच सुमारास मेसाचा ड्युअल रेक्टिफायरही आला. आजच्या हाय-गेन आवाजाची बहुतेक घराणी या चार-पाच सर्किटांत सापडतात.

प्रश्न असा होता की ज्याला यातले तीन आवाज हवेत त्याने तीन अवजड अँप वाहून न्यायचे का? १९८० च्या दशकात सीमोर डंकन कंपनीने कन्व्हर्टिबल नावाचा अँप काढला, त्यात प्रीअँपचे तुकडे खाचेत बसवून बदलता येत. पुढे मिशिगनचे अँपनिर्माते ब्रूस एग्नेटर यांनी ही कल्पना व्हॉल्व्हवाल्या मॉड्यूलपर्यंत नेली. २००० च्या दशकात रँडल कंपनीने त्यांच्या रचनेवर एमटीएस ही मालिका काढली. त्यातल्या मॉड्यूलांची नावे जाणकाराला लगेच कळतील अशी होती : फेंडरच्या काळ्या पट्टीवरून ब्लॅकफेस, मार्शलच्या प्लेक्सिग्लास पट्टीवरून प्लेक्सी, रेक्टिफायरच्या दर्शनी नक्षीदार पत्र्यावरून ट्रेडप्लेट. मेटॅलिकाच्या कर्क हॅमेट यांच्या नावाचीही मॉड्यूले निघाली. नंतर एग्नेटर यांच्याच सहभागाने सिनर्जी ही नवी मालिका आली. सोल्डानो, डीझेल, बोगनर, फ्रीडमन अशा निर्मात्यांचे आवाज तिच्यात दोन-दोन चॅनेलच्या मॉड्यूलांत मिळतात.

कारखान्यातून आलेले मॉड्यूल हे कुठल्या तरी प्रसिद्ध अँपचे चित्र असते. ते कोणाला पुरते, कोणाला थोडे कमी पडते. बोर्ड लहान असल्यामुळे सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर हाताशी येतात, आणि चूक झालीच तर एक डबी बिघडते, अख्खा अँप वाचतो. म्हणूनच मॉड्यूलांत फेरफार करून देणाऱ्या कारागिरांचा एक छोटा व्यवसाय या मालिकांभोवती उभा राहिला.

चार ट्रायोडचे भांडवल

प्रीअँपमध्ये सर्रास वापरला जाणारा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेच्या नळीत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, दोन-तीनशे व्होल्टच्या प्लेटकडे धावतात आणि मधली ग्रिड या प्रवाहाला कमी-जास्त करते. ग्रिडवरचा छोटा चढउतार प्लेटवर मोठा होऊन दिसतो.

नेहमीच्या जोडणीत, म्हणजे प्लेटला १०० किलोओम आणि कॅथोडला दीड किलोओमचा रेझिस्टर लावला की, असा एक टप्पा संकेत सुमारे ६० पट वाढवतो. मात्र त्यासाठी कॅथोडच्या रेझिस्टरला मोठा कपॅसिटर समांतर जोडलेला हवा. तो काढला तर वाढ निम्म्यावर, ३० पटींच्या आसपास येते. तीन टप्पे ६० पटींचे ठेवले तर कागदावर गुणाकार दोन लाखांच्या पुढे जातो. प्रत्यक्षात तेवढे कोणालाच नको असते, म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये रेझिस्टरची जोडी घालून संकेत पुन्हा कमी केला जातो. हाय-गेन अँपची कारागिरी या वाढवण्या-घटवण्याच्या प्रमाणात असते.

दोन व्हॉल्व्हच्या मॉड्यूलात चारच ट्रायोड असतात. मार्शल २२०३ च्या प्रीअँपला नेमके चारच लागतात. त्यात तीन टप्पे गेनचे आणि चौथा कॅथोड फॉलोअर, म्हणजे संकेत न वाढवता पुढच्या टोन सर्किटला नेटाने पुरवणारा टप्पा. त्यामुळे जेसीएम८०० चा आवाज डबीत मूळ रूपात बसतो. एसएलओ-१०० च्या ओव्हरड्राइव्ह मार्गाला मात्र गेनचे चार टप्पे आणि वर कॅथोड फॉलोअर असे पाच ट्रायोड लागतात. ते चारात बसवायचे तर दोन वाटा उरतात. फॉलोअर वगळून टोन सर्किट थेट प्लेटवरून चालवायचे, किंवा फॉलोअरचे काम मॉसफेट या ट्रान्झिस्टरकडे सोपवायचे. पहिल्या वाटेने आवाजातला मऊ दाब थोडा हरवतो आणि बटणांचा परिणाम बदलतो. दुसरी वाट शुद्ध व्हॉल्व्हचा आग्रह धरणाऱ्याला पटत नाही, पण तिने एक ट्रायोड मोकळा होतो आणि गेनला मिळतो.

मागणी नोंदवताना पहिली निवड इथेच करावी लागते. तीन टप्प्यांचा आवाज झटपट उमटतो, त्यात बोटांचा जोर ऐकू येतो आणि तो गिटारचे व्हॉल्यूम बटण मागे घेतले की बऱ्यापैकी स्वच्छ होतो. चार टप्प्यांचा आवाज गुळगुळीत, लांब टिकणारा आणि हळू-जोरात वाजवण्यातला फरक पुसून टाकणारा असतो. मधे खटका ठेवून दोन्ही मिळवता येतात, पण जादा टप्पा खटक्याने आत-बाहेर केला की आवाजाची पातळी आणि पोत दोन्ही उडी मारतात. एका मॉड्यूलाने एकच घराणे नीट सांभाळावे, हे धोरण बहुतेकांना अखेर फायद्याचे ठरते.

लाट कुठे कापायची

सगळे टप्पे सारखेच कापत नाहीत. २२०३ च्या दुसऱ्या टप्प्यात कॅथोडला १० किलोओमचा रेझिस्टर आहे आणि त्याला कपॅसिटर नाही. एसएलओ-१०० आणि ड्युअल रेक्टिफायरमध्ये अशाच जागी ३९ किलोओम दिसतो. इतका मोठा रेझिस्टर लावला की व्हॉल्व्हमधून शांत अवस्थेत अगदी थोडा प्रवाह वाहतो. कारागीर याला थंड बायस म्हणतात आणि त्या टप्प्याला कोल्ड क्लिपर. १० किलोओमवर हा टप्पा संकेत आठ-नऊ पट वाढवतो. ३९ किलोओमवर जेमतेम अडीच पट. म्हणजे वाढवणे हे त्याचे काम राहतच नाही. ग्रिडवरची लाट खाली गेली की व्हॉल्व्ह लगेच बंद पडतो आणि लाटेची एक बाजू सपाट कापली जाते, दुसरी बाजू मोकळी राहते. या एकतर्फी कापणीमुळे सम आणि विषम दोन्ही प्रकारचे उपस्वर तयार होतात आणि आवाजाला दाणेदार धार येते.

या एका रेझिस्टरची किंमत बदलणे हा मॉड्यूलातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक फेरफार म्हणावा लागेल. १० किलोओमला मार्शलची उघडी, खडबडीत चाल येते. ३९ ला आधुनिक, आवळलेली. जुन्या पद्धतीचे सोलो आणि आजचे रिफ अशा दोन्हींची गरज असलेल्या वादकासाठी इथे खटका ठेवणे योग्य ठरते, कारण दोन्ही स्थितींचा स्पष्ट उपयोग आहे आणि पातळीतला फरक मास्टरने सावरता येण्याजोगा असतो.

खर्ज आधी काढावा, नंतर द्यावा

हाय-गेन आवाजाची सर्वांत सामान्य तक्रार असते ती चिखलाची. खालच्या तारेवर तळहाताची कड टेकवून जलद आघात केले की प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा, ही अपेक्षा. ऐकू येते ती सलग घरघर. याचे कारण गणिती आहे. गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ई, ८२.४ हर्ट्झचा. त्याच्यावर पाचव्या अंतराचा बी जोडून पॉवर कॉर्ड वाजवला तर तो सुमारे १२३.५ हर्ट्झचा. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही आवाजात उतरतात. इथली वजाबाकी ४१ हर्ट्झ येते, म्हणजे ई च्याही एक सप्तक खाली. थोडा खर्ज कॉर्डला वजन देतो. फार खर्ज कापणीत शिरला तर वजाबाक्यांचीच गर्दी होते.

दुसरे कारण वेळेचे. दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर जोरदार आघाताने भरून जातो, पुढच्या व्हॉल्व्हचा बायस सरकतो आणि तो क्षणभर गुदमरतो. २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एक मेगओमवर असेल तर त्याचा काळ २२ मिलिसेकंद, २.२ नॅनोफॅरडचा तर त्याच्या दहावा हिस्सा. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचे चार भाग केले तर दोन आघातांत ७५ मिलिसेकंदांचे अंतर असते. मोठा कपॅसिटर पुरता रिकामा होण्याआधीच पुढचा आघात येऊन आदळतो.

म्हणून खर्ज कापणीच्या आधी कमी करायचा आणि कापणी झाल्यावर टोन सर्किटमध्ये किंवा पॉवर अँपमध्ये परत द्यायचा, हा हाय-गेन रचनेचा मूळ नियम झाला. मेसाच्या मार्क मालिकेत तो उघड दिसतो. तिथे बेस-मिडल-ट्रेबलची बटणे गेनच्या टप्प्यांआधी येतात आणि शेवटी पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर असतो : ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ. वादक पुढचा बेस जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि ८० हर्ट्झची पट्टी वर चढवतात.

मॉड्यूलात हे काम टाइट स्विच करतो. तो दोन ठिकाणी बसवता येतो. पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला २२ मायक्रोफॅरड असेल तर संपूर्ण खर्ज पुढे जातो. त्याऐवजी मार्शलप्रमाणे २.७ किलोओम आणि ०.६८ मायक्रोफॅरड ठेवला तर साधारण २३० हर्ट्झच्या वर पूर्ण गेन मिळतो आणि तिथून खाली तो हळूहळू उतरत ९० हर्ट्झच्या सुमारास बराच घटलेला असतो. ही सौम्य उतरण. जोडकपॅसिटर २२ नॅनोफॅरडवरून २.२ वर आणला तर एक मेगओमवर खर्ज उतरण्याची रेषा ७ हर्ट्झवरून सुमारे ७२ हर्ट्झवर येते आणि तिच्या खाली खर्ज सरळ ओसरत जातो. एक नॅनोफॅरडला ती १५९ वर जाते.

वादकाचे ट्यूनिंग इथे निर्णायक ठरते. सहा तारांच्या नेहमीच्या गिटारला ७२ ची रेषा चालते. ड्रॉप डी मध्ये सर्वांत खालचा स्वर ७३.४ हर्ट्झचा, सात तारांच्या गिटारचा खालचा बी ६१.७ हर्ट्झचा. ट्यूनिंग जितके खाली, तितका आधीचा खर्ज जास्त कापावा लागतो, हे ऐकायला उलटे वाटते. पण खालच्या तारेचा स्वर कानाला पटतो तो मुख्यतः तिच्या उपस्वरांमुळे, आणि ते या रेषेच्या बरेच वर असतात. टाइट स्विच हा म्हणूनच मागणीच्या यादीतला पहिला खटका. तीन स्थितींचा असेल तर आणखी उत्तम : भरलेला, मधला, आवळलेला.

मधला पट्टा

बेस-मिडल-ट्रेबलची तीन बटणे स्वतंत्र नसतात. एकाच जाळ्यात ती गुंफलेली असतात आणि एक फिरवले की बाकीच्यांचा परिणाम सरकतो. या जाळ्याचा स्वभाव बराचसा एका रेझिस्टरवर ठरतो, त्याला स्लोप रेझिस्टर म्हणतात. फेंडरमध्ये तो १०० किलोओम, ट्रेबलचा कपॅसिटर २५० पिकोफॅरड. त्यामुळे मधल्या पट्ट्यात खोल खड्डा पडतो आणि स्वच्छ आवाज चकाकतो. मार्शलने तो ३३ किलोओमवर आणला, ट्रेबलचा कपॅसिटर ४७० पिकोफॅरडच्या घरात नेला. खड्डा उथळ झाला, वर सरकला आणि गिटार बँडमध्ये पुढे आली. मेसाचा रेक्टिफायर ४७ किलोओम वापरतो, म्हणजे दोघांच्या मधे, मार्शलच्या जवळ.

मिड शिफ्ट स्विच बहुधा हाच रेझिस्टर बदलतो. घरी एकट्याने वाजवताना खड्डा पडलेला आवाज भव्य वाटतो : खाली धक्का, वर धार. ड्रम आणि बेस गिटार सुरू झाले की खालची जागा बेसने आणि वरची झांजांनी व्यापलेली असते. गिटारला उरतो तो मधला पट्टा, आणि तोच काढून टाकलेला असतो. त्यामुळे मंचावर आणि घरी दोन्हीकडे वाजवणाऱ्यासाठी मिड शिफ्ट उपयोगी आहे. फक्त बँडसाठी मॉड्यूल घ्यायचे असेल तर ३३ किंवा ४७ कायम ठेवून खटका वाचवावा. मधे जास्त भर हवी असेल तर मिडलचे २५ किलोओमचे बटण ५० चे करणे हा न दिसणारा पण कामाचा बदल आहे.

वरच्या टोकाला उलटी अडचण असते. कापणीतून तयार झालेले तीक्ष्ण उपस्वर माशा घोंगावल्यासारखे ऐकू येतात. बारा इंची गिटार स्पीकर सुमारे पाच किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो, म्हणून त्यातले बरेचसे तो गिळतो. उरलेल्यासाठी प्लेटच्या रेझिस्टरला ५०० पिकोफॅरड ते एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडतात. पहिल्याने साधारण आठ, दुसऱ्याने चार किलोहर्ट्झपासून उतरण सुरू होते. हा बदल कायमचा करावा की नाही, हे वादक कोणता कॅबिनेट वापरतो त्यावर ठरते. स्पीकरऐवजी थेट रेकॉर्डिंगमध्ये जाणाऱ्याला स्पीकरची नक्कल करणारे सर्किट किंवा सॉफ्टवेअर लागतेच, आणि तीक्ष्णपणाचे बरेच काम तिथे होऊन जाते.

कमी कामाचे खटके

ब्राइट स्विच सर्वांना ओळखीचा असतो, म्हणून तो सवयीने मागितला जातो. गेनच्या बटणाला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडला की बटण खाली असताना ट्रेबल त्याच्यामधून वाट काढतो. बटण पूर्ण वर गेले की बटणाच्या दोन टोकांत फरकच उरत नाही आणि कपॅसिटर निरुपयोगी होतो. म्हणजे गेन तीनवर ठेवणाऱ्याला ब्राइट स्विच फार ऐकू येतो, आठवर ठेवणाऱ्याला जवळपास नाही. हाय-गेन मॉड्यूलात गेन क्वचितच खाली असतो. मार्शल २२०३ मध्ये असा एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर मुळातच आहे. कमी गेनवर टोचू नये म्हणून अनेकजण तो लहान करून घेतात किंवा काढून टाकतात. त्यासाठी खटका लागत नाही, एकदाचा निर्णय पुरतो.

डायोड स्विचची कथा वेगळी. संकेताच्या वाटेवर दोन डायोड उलटसुलट जोडून जमिनीला लावले की लाट ठरावीक उंचीवर छाटली जाते. सिलिकॉन डायोडची मर्यादा सुमारे ०.६ व्होल्ट, लाल एलईडीची १.७ च्या आसपास. मार्शलने २२१० आणि नंतरच्या जेसीएम९०० मालिकेत डायोड वापरलेही. आवाज दाबला जातो आणि समान पातळीचा होतो. पण व्हॉल्व्हचे तीन-चार टप्पे कापत असताना आणखी एका कापणीची गरज सहसा नसते, आणि खटका टाकताच आवाज एकदम खाली पडतो. सिलिकॉनपेक्षा एलईडी कमी नुकसान करतो. शंका असेल तर हा पर्याय सोडावा.

प्रेझेन्स आणि रेझोनन्स हे दोन शब्दही यादीत हमखास येतात. ही बटणे पॉवर अँपच्या निगेटिव्ह फीडबॅकवर काम करतात : स्पीकरकडे गेलेल्या संकेताचा काही भाग मागे वळवून चूक कमी करायची, आणि त्या परतीच्या वाटेवर ट्रेबल किंवा खर्ज कमी-जास्त करायचा. परतीची ही वाट मूळ चॅसीत असते. रँडलच्या एमटीएस अँपवर म्हणूनच प्रेझेन्स आणि खर्जासाठी डेन्सिटी ही बटणे चॅसीवर दिली होती. मॉड्यूलात त्या नावाचे बटण बसवले तर ते ट्रेबल वर-खाली करणारे साधे सर्किट असते. ते उपयोगी पडू शकते, पण पॉवर अँपचा प्रतिसाद त्याने बदलत नाही.

खटका बसवण्याची खरी किंमत

खटक्याचे पैसे थोडे असतात. त्याची किंमत आवाजात मोजावी लागते. बोर्डावरून दर्शनी पट्टीपर्यंत दोन तारा जातात आणि त्या तारा अँटेनासारख्या वागतात. चौथ्या टप्प्याच्या आउटपुटजवळून पहिल्या टप्प्याच्या ग्रिडची तार गेली तर हजारो पट वाढलेला संकेत मागे शिरतो आणि अँप किंचाळू लागतो. कधी कधी किंचाळी कानाच्या पलीकडच्या कंप्रतेवर असते. ती ऐकू येत नाही, आवाज मात्र कोंडल्यासारखा आणि थकलेला येतो. म्हणून जाणता कारागीर खटके शक्यतो कॅथोडच्या बाजूला, जमिनीजवळ बसवतो, आणि ग्रिडकडच्या तारा आच्छादित ठेवतो.

खटका टाकताना होणारा फट्ट आवाज ही दुसरी अडचण. सुटा असलेला कपॅसिटर रिकामा असतो आणि जोडताक्षणी तो व्होल्टेज ओढून घेतो. खटक्याच्या टोकांवर कायम एक मोठा रेझिस्टर, उदाहरणार्थ एक मेगओम, ठेवला की कपॅसिटर आधीच भरून राहतो आणि फट्ट जवळपास नाहीसा होतो. मागणी देताना हा तपशील विचारून घ्यावा. उत्तरावरून कारागिराची तयारीही कळते. पायाने चालणारा खटका हवा असेल तर रिले लागते, रिलेला वेगळा पुरवठा आणि संदेशाची तार लागते, आणि मॉड्यूलाच्या मागच्या जोडणीत त्यासाठी मोकळी पिन असेलच असे नाही. हे चॅसीच्या नकाशावरून आधी तपासावे.

गुणगुण आणि खरखर हे हाय-गेनचे कायमचे सोबती. पहिल्या टप्प्यात जन्मलेला गोंगाट पुढचे सर्व टप्पे इमाने वाढवतात, म्हणून तिथला प्लेट रेझिस्टर मेटल फिल्मचा करून घेणे आणि व्हॉल्व्ह शांत जातीचा निवडणे यांना इतर कोणत्याही खटक्याआधी प्राधान्य द्यावे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे वीजपुरवठ्यातल्या रेक्टिफायरनंतरची गुणगुण १२० हर्ट्झवर ऐकू येते. भारतात ५० हर्ट्झ, म्हणून ती १०० वर. आयात केलेली चॅसी २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची आहे की १२० च्या, हा प्रश्न भारतीय वादकाने मॉड्यूल मागवण्याआधी सोडवायचा असतो. डबीला मुख्य विजेचा संबंध नसतो; ती देशोदेशी तशीच चालते.

व्हॉल्व्हचे गणित

काहीही सोल्डर न करता गेन बदलण्याचा मार्ग म्हणजे व्हॉल्व्ह बदलणे. १२एएक्स७ चा वर्धनांक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०. पहिल्या जागी ५७५१ लावला तर एकूण गेन थोडा उतरतो आणि गोंगाटही कमी होतो. जादा गेनचे मॉड्यूल घेऊन पस्तावलेल्याला हा सोपा उतारा आहे. १२एटी७ ला मात्र वेगळा प्रवाह मानवतो, तो १२एएक्स७ साठी बेतलेल्या जागी नेहमीच खुलत नाही.

आज हे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियातून येणारा माल काही काळ अडला आणि भाव चढले. भारतातही एके काळी हा माल तयार होत असे : बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओसाठी लागणारे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. तो काळ ट्रान्झिस्टरने संपवला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली इथे आज रेझिस्टर, कपॅसिटर आणि खटके सहज मिळतात, त्यामुळे मॉड्यूलातले छोटे फेरफार स्थानिक पातळीवर करता येतात. मात्र कपॅसिटर ४०० व्होल्टच्या पुढच्या दर्जाचे पाहूनच घ्यावेत, आणि अँप बंद केल्यावरही पुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज काही काळ राहते हे विसरू नये. ते मोजून, उतरवून मगच हात घालायचा असतो. ज्याला हे येत नाही त्याने डबी उघडू नये.

मागणी कशी लिहावी

कारागिराला सर्वांत निरुपयोगी पत्र येते ते विशेषणांचे : जाड पण मोकळा, आक्रमक पण ऊबदार. उपयोगी पत्रात वस्तुस्थिती असते. गिटार किती तारांची, ट्यूनिंग कोणते, पिकअप साधे की तेज, चॅसी कोणती, पॉवर व्हॉल्व्ह कोणते, स्पीकर कोणते, वाजवायचे घरात, मंचावर की रेकॉर्डिंगमध्ये. अँपच्या आधी बूस्ट पेडल वापरणार असाल तर तेही लिहावे, कारण ट्यूब स्क्रीमरसारखे पेडल खर्ज आधीच कापून देते आणि मग मॉड्यूलातला टाइट स्विच तितकासा आवळलेला ठेवावा लागत नाही. शेवटी एखाद-दुसरे रेकॉर्डिंग सांगावे. त्यावरून कारागीर घराणे ओळखतो.

घराणे आधी ठरवावे, मग त्या सर्किटमधले कायमचे बदल, आणि खटके सर्वांत शेवटी. कोणताही खटका मागण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : याच्या दोन्ही स्थिती आपण खरोखर वापरणार का? एक स्थिती कायमची राहणार असेल तर ती सोल्डरने पक्की करावी आणि पट्टीवरचे भोक वाचवावे. या कसोटीला बहुतेक वादकांच्या यादीतले दोनच खटके उतरतात : कापणीआधीच्या खर्जासाठी टाइट, आणि कोल्ड क्लिपर किंवा मिड शिफ्ट यांपैकी एक. तीन मॉड्यूलांची सोय असलेल्या चॅसीत एकाच डबीत सगळे कोंबण्याचे कारणच उरत नाही. स्वच्छ आवाजाला एक, मध्यम कापणीच्या क्रंचला एक आणि हाय-गेनला एक, अशी वाटणी केलेली तीन साधी मॉड्यूले सहा खटक्यांच्या एका मॉड्यूलापेक्षा शांत वाजतात, कमी बिघडतात आणि विकायची वेळ आली तर लवकर विकली जातात.